चहातलं पांढरं

कवडसा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते मावशीनं ठेवलं आणि पुढं जन्मभर तेच चाललं. मावशीचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान होतं आणि दुकानामागच्या एका खोलीत दोघं राहायची. दुपारी मावशी दुकानाला फळ्या लावून घटकाभर आडवी व्हायची. खोलीत अंधार व्हायचा. दाराच्या लाकडातली एक गाठ निखळून तिथं भोक पडलं होतं, वाटाण्याएवढं. त्या भोकातून बाहेरचा रस्ता आत यायचा आणि दोरीवर टाकलेल्या पांढऱ्या चादरींवर उमटायचा, पण उलटा. सायकली चाकं वर करून जायच्या, माणसं छताला पाय लावून चालायची आणि आभाळ खाली, चादरीच्या काठाशी साचलेलं असायचं.

"मावशी, ही माणसं खाली पडत कशी नाहीत?"

"घाईत असलेला माणूस पडत नाही. झोप आता."

तो झोपायचा नाही. उठल्यावर जमिनीवर उन्हाचा ठिपका जिथं पडला असेल तिथं ताट घेऊन बसायचा आणि ठिपका सरकला की ताटासकट सरकायचा. मावशी म्हणायची, "आमच्या घरी माणूस जेवत नाही, कवडसा जेवतो." म्हणून ते नाव.

मावशीच्या दुकानातून गावाबाहेरच्या स्टुडिओला कपडे जायचे. अठराव्या वर्षी तो एक गठ्ठा घेऊन तिथं गेला आणि संध्याकाळपर्यंत परतलाच नाही. आत एका मोठ्या गोदामात पुठ्ठ्याची भिंत उभी होती, त्या भिंतीत खोटी खिडकी होती आणि खिडकीपलीकडे एक माणूस शिडीवर चढून दिव्यानं सकाळ करत होता. सकाळ नीट होईना. एकदा ती दुपार झाली, एकदा नुसतीच आग झाली. मग त्या माणसानं दिव्यासमोर एक पातळ कागद धरला आणि खोलीत सकाळ झाली. कवडशाला वाटलं, आपण अजून त्या दुपारच्या खोलीतच आहोत आणि कुणीतरी चादर सुलटी केली.

"ए, बघतोस काय, ती फळी धर," शिडीवरचा माणूस म्हणाला. चंदेरी कागद लावलेली फळी होती, उजेड परतवायला. ती त्यानं दीड वर्ष धरली.

मग त्याच्या हाती फीत आली. कॅमेऱ्याच्या भिंगापासून नटाच्या डोळ्यापर्यंतचं अंतर फितीनं मोजायचं, म्हणजे चेहरा धूसर येत नाही. नाकापर्यंत मोजलं तर डोळे बुडतात, म्हणून डोळ्यापर्यंतच मोजायचं. एकदा एका नावाजलेल्या नटीनं त्याला विचारलं, "खरं सांग, आज मी कशी वाटते?" हा फितीकडे बघून म्हणाला, "साडेसात फूट." ती इतकी हसली की रंगभूषा पुन्हा करावी लागली.

त्याची बायको त्याला तिथंच भेटली. ती कपडेपटात होती. एका प्रवेशात नायकाचा पांढरा सदरा पडद्यावर नुसता भडका उडवत होता, त्यापुढं चेहरा दिसेना. कवडसा तो सदरा घेऊन तिच्याकडे गेला.

"हा सदरा जळतोय."

"मग पाणी घाला," ती मान वर न करता म्हणाली. मग तिनं सदरा हातात घेतला, स्टोव्हवर चहाचं पाणी चांगलं काळं केलं, त्यात सदरा बुडवला, पिळला आणि वाळवून दिला. हातात तो मळकट दिसत होता. पडद्यावर मात्र तो असा पांढरा आला की बघणाऱ्याला थंड वाटावं.

"पांढरं दिसायचं असेल तर पांढरं असून चालत नाही," ती म्हणाली. "थोडा चहा लागतो."

पुढं आयुष्यभर ती सगळ्यांना सांगायची, "हे पहिल्यांदा माझ्याकडे टक लावून बघत होते ना, मी मेली लाजले. नंतर कळलं, माझ्यामागं खिडकी होती."

कवडसा कॅमेरामन झाला आणि चाळीसेक वर्षं कॅमेरामनच राहिला. सगळे त्याला साहेब म्हणू लागले तरी कामाची पद्धत तीच. नव्या जागी गेला की आधी हाताचा पंजा उलटा करून पुढं धरायचा आणि स्वतःभोवती हळूहळू एक गिरकी घ्यायचा. उजेड कुठून येतो, सावली कुठं मऊ पडते, हे तो पंज्याच्या मागच्या कातडीवर वाचायचा. मोजायचं यंत्र खिशात असायचं, पण ते लोकांचं समाधान व्हावं म्हणून. ढगासाठी तो अर्धा अर्धा दिवस थांबायचा. निर्माते कपाळाला हात लावायचे. "साहेब, सुरू करू या का?" "तो ढग निघालाय," हा सांगायचा, जणू ढग घरून निघाल्याचा निरोप आला होता.

पुढं टीव्हीचं काम आलं. तिथं ढगाला कोण विचारतो! तीन कॅमेरे, एक बैठकीची खोली आणि सगळ्यांच्या तोंडावर सगळीकडून सारखा उजेड. "घर कसलं, दवाखाना आहे," तो म्हणायचा, पण करायचा. त्यातही संधी मिळाली की एखाद्या कोपऱ्यात हळूच संध्याकाळ करून ठेवायचा.

यातल्या निम्म्याहून अधिक वर्षांत त्याच्या कामाचा शेवटचा हात नेहमी एकाच माणसाचा असायचा. चित्रण झालं की ते अंधाऱ्या खोलीत मोठ्या पडद्यावर लावून प्रत्येक दृश्याचा रंग जुळवायचा असतो. हे काम करणाऱ्याला सगळे रंगारी म्हणत. हा सडसडीत, कमी बोलणारा माणूस. त्याच्यासमोर तीन गोळे असत. ते बोटांनी जरासे फिरवले की पडद्यावरची पहाट उबदार व्हायची किंवा गारठायची. बावीस वर्षं दोघं त्या अंधारात शेजारी शेजारी बसले. बोलणं फार नसायचं. "जरा." "एवढं?" "थोडं मागं." "आलं." हेच त्यांचं भांडण आणि हाच त्यांचा संसार.

मग तेरा भागांची ती मालिका आली. तळ्याकाठी एकटी राहणारी एक बाई, इतरांच्या चादरी धुऊन देणारी, तिची गोष्ट. कवडशानं ती मावशीसाठीच घेतली असावी. तो कुणाला तसं म्हणाला नाही. त्याची बायको निवृत्त झाली होती, तरी या कामाला आपणहून आली. तिनं चाळीस चादरी चहात बुडवल्या. तळ्याच्या काठावर त्या वाळत पडत, वाऱ्यानं फुगत, आणि ती बाई त्यांच्यातून चालत जाई. कवडसा हे चित्रण करत होता की झोपेत बघत होता, त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

घरी मात्र त्याची चिडचिड वाढली होती. "हे दिवे कसले पिवळे आणलेत?" म्हणून त्यानं सगळ्या खोल्यांतले दिवे बदलले. नवे आणले तेही महिन्याभरात पिवळे वाटू लागले. मग म्हणाला भिंती पिवळ्या झाल्यात. भिंती रंगवून झाल्या. बायको म्हणाली, "आता मी तेवढी उरले. मलाही रंग देता का?"

रंग जुळवायच्या खोलीत पहिल्याच दिवशी कवडसा म्हणाला, "पिवळं येतंय. निळं घाल."

रंगाऱ्यानं घातलं.

"अजून."

"साहेब, निळं जास्त होतंय." बावीस वर्षांत इतकं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला. मग त्यानं पडद्याच्या कडेला रंग मोजणारा आलेख दाखवला. "हे बघा. चादर निळी पडली."

"आलेख बघून गाणं ऐकतोस का तू?"

"साहेब, वहिनींनी चादरी चहात—"

"ती चादर मी आयुष्यभर बघतोय! डोळा माझा की तुझा?"

रंगाऱ्याचे हात गोळ्यांवरून उचलले गेले. दिग्दर्शक मागं बसला होता. तो कवडशाचे सिनेमे बघत मोठा झालेला. तो म्हणाला, "साहेब म्हणतील तसं करा." रंगाऱ्यानं पहिला भाग तसा करून दिला, दुसरा दिला, तिसऱ्याला पुन्हा "साहेब, निळं" म्हणाला आणि चौथ्या भागाला त्याच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला.

इथवरही ठीक होतं. भांडणं होतात, मिटतात. पण त्याच आठवड्यात कवडसा उपाहारगृहात चहा पिता पिता दोघातिघांना म्हणाला, "बिचाऱ्याचा डोळा गेला हो." तो रागानं म्हणाला नाही. खरोखरीच्या कळवळ्यानं म्हणाला, आणि म्हणूनच सगळ्यांना ते खरं वाटलं. त्या धंद्यात रंगाऱ्याचा डोळा गेला म्हणजे गवयाचा गळा गेला. सहा महिन्यांत त्याला बोलावणारं कुणी उरलं नाही.

मालिका दाखवली गेली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. सगळीकडे निळसर धुकं, निळ्या चादरी, निळ्या ओठांची ती बाई. कुणी लिहिलं, हा उजेड जागेपणीचा नाहीच. कुणी त्याला निळ्या स्वप्नाचा कारागीर म्हटलं. बायकोनं पहिला भाग बघून एवढंच विचारलं, "माझा चहा कुठं गेला?" टीव्हीच बिघडला असेल म्हणून यानं तिला नवा आणून दिला.

तीन वर्षांनी उजव्या डोळ्यानं पायरी चुकवली तेव्हा तो डॉक्टरीण बाईंकडे गेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बऱ्याच वर्षांचा, पिकलेला. आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि कवडसा समोरच्या भिंतीकडे बघतच राहिला. भिंत पांढरी होती. किती पांढरी! त्याला मावशीच्या खोलीतली नुकती धुतलेली चादर आठवली. तेवढ्यात सवयीनं त्यानं हात वर केला, उजवा डोळा झाकला आणि डाव्या डोळ्यानं बघितलं.

भिंत कुणीतरी चहात बुडवली होती.

त्यानं पुन्हा डावा झाकला. पांढरी. उजवा झाकला. चहा. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "काही त्रास होतोय का?" तो म्हणाला, "नाही. होत नव्हता, तोच त्रास होता."

घरी येऊन त्यानं बघितलं तर सगळ्या खोल्यांत निळा, गार, मेलेला उजेड. "हे असले दिवे कुणी लावले?"

"एक फार मोठे कॅमेरामन होते," बायको म्हणाली, "त्यांनी."

त्यानं तिच्या जुन्या ट्रंकेतून कापडाचे तीन तुकडे काढायला लावले. एक कोरा पांढरा, एक एकदा चहात बुडवलेला, एक दोनदा. उजव्या डोळ्याला तीन दिसत होते, डाव्याला तिन्ही सारखेच. मग त्यानं मालिकेचा पहिला भाग लावला. डाव्या डोळ्यानं बघितलं तर सगळं जागच्या जागी, जसं तेव्हा त्या खोलीत दिसलं होतं तसं. उजव्यानं बघितलं तर बाई पाण्याखाली चालत होती आणि चाळीस चादरी बुडाल्या होत्या. तो शेवटपर्यंत बसला. शेवटी नावं आली, आणि हा भाग रंगाऱ्यानंच केलेला असूनही त्याचं नाव त्यांत नव्हतं.

"तुला तेव्हाच कळलं होतं?" त्यानं विचारलं.

"मला चहाचं कळलं होतं. डोळ्याचं नाही." मग ती म्हणाली, "आणि तुम्ही नवा टीव्ही आणलात. मग मी काय बोलणार?"

याच सुमाराला सिनेमा शिकवणाऱ्या एका संस्थेचं बोलावणं येऊन पडलं होतं. पुढच्या शनिवारी त्याचा सत्कार, पहिल्या भागाचा खेळ, आणि विद्यार्थ्यांना त्या निळ्याविषयी चार शब्द. डॉक्टरीण बाई डाव्या डोळ्याची तारीख विचारत होत्या. कवडसा म्हणाला, "त्या शनिवारनंतर. तोवर हा डोळा असाच हवा. माझा साक्षीदार आहे तो."

रंगाऱ्याचा पत्ता शोधायला त्याला दोन दिवस लागले. एका मोठ्या कचेरीसमोर ओळखपत्राचे फोटो काढून देणारं दुकान होतं, त्यात तो होता. एक स्टूल, पाठीमागं पांढरा पडदा, उजेड मऊ करणाऱ्या छत्र्या लावलेले दोन दिवे. कवडसा दारात उभा राहिला आणि पहिल्यांदा त्याला दिसलं ते हे, की पडदा कोरा पांढरा नव्हता. चहात बुडवलेला होता.

"बसा, साहेब," रंगारी म्हणाला, जणू ते काल भेटले होते. "फोटो काढायचाय?"

"नाही." कवडशानं खिशातून ते तीन तुकडे काढून टेबलावर टाकले. "हे काय आहे सांग."

रंगाऱ्यानं नुसती नजर टाकली. "हा कोरा. हा एकदा बुडवलेला. हा दोनदा. वहिनींचा चहा, दुसऱ्या कुणाचा इतका सारखा चढत नाही."

कवडशानं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "मला या डोळ्यानं तिन्ही एकच दिसतात. आणि तेव्हा दोन्ही डोळे असेच होते."

रंगाऱ्यानं एक तुकडा उचलला, घडी घातली, उलगडला.

"तीन वर्षं झाली, साहेब."

"हो."

"मी तीन डॉक्टरांना डोळे दाखवले. तिघंही म्हणाले, डोळे उत्तम. मला वाटलं, तिघं चुकले. साहेब कसे चुकतील?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर कवडशाला सोपं गेलं असतं. "घरी भाजी घेतानासुद्धा मी बायकोला विचारायचो, ही हिरवीच आहे ना?"

कवडशाला खाली मान घालायची होती, पण बावीस वर्षांची सवय, तो त्याच्या चेहऱ्यावरच्या उजेडाकडेच बघत राहिला. शेवटी म्हणाला, "शनिवारी पहिला भाग दाखवणार आहेत. तो तू शुक्रवारी पुन्हा कर. तुझ्या डोळ्यानं. मी गप्प बसेन."

"तुम्ही? गप्प?"

"प्रयत्न करेन."

"मी ते काम सोडलंय."

"ठाऊक आहे. मीच सोडायला लावलं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, घाईतलं. रंगाऱ्यानं त्याला स्टुलावर बसवलं, "हनुवटी खाली, खांदे सैल," म्हणत एक छत्री वीतभर सरकवली, आणि त्या कंटाळलेल्या माणसाच्या गालावर क्षणभर एखाद्या सिनेमातली सकाळ झाली. फोटो झाला. माणूस गेला. रंगारी छत्री मिटत म्हणाला, "शुक्रवारी किती वाजता?"

कवडशानं दिग्दर्शकाला फोन केला. तो घाबरला. "साहेब, पण ते निळं म्हणजेच तर सगळं आहे! लोक त्यासाठी येणारेत."

"ते निळं म्हणजे माझा मोतीबिंदू होता. लोकांना तेही सांगू. तू खोली मोकळी करून दे."

शुक्रवारी दोघं पुन्हा त्या अंधारात बसले. कवडशानं मधली खुर्ची सोडून कडेची घेतली. रंगाऱ्यानं तीन गोळ्यांवर बोटं ठेवली आणि थोडा वेळ तशीच ठेवली, पाण्यात पाय घालण्याआधी थांबावं तशी. मग निळं हळूहळू ओसरू लागलं. चादरी एकेक करून वर आल्या. त्यांच्यावर ऊन चढलं. बाईच्या ओठांत रक्त आलं. तळं तळ्यासारखं झालं. कवडसा दोनदा "जरा" म्हणायला तोंड उघडून पुन्हा मिटून बसला. तिसऱ्यांदा रंगारीच म्हणाला, "बोला, नाहीतर पोटात दुखेल."

"नाही नाही. तुझा डोळा काय म्हणतो?"

एका दृश्यापाशी मात्र रंगाऱ्याची बोटं थांबली. पहाटेआधी बाई एकटी तळ्यात उतरते आणि पहिली चादर पाण्यावर पसरते, ते दृश्य. निळं, अगदी निळं.

"हे राहू दे," रंगारी म्हणाला.

"का? हेही चुकलेलंच आहे."

"चुकलेलं आहे. पण छान चुकलंय." आणि तो पुढं गेला.

शनिवारी सभागृह भरलं होतं. बायको पहिल्या रांगेत बसली होती आणि कवडशानं हट्टानं रंगाऱ्याला तिच्या शेजारी बसवलं होतं. खेळ झाला. लोक गोंधळले. ज्यासाठी आले ते निळं दिसेना, एकदाच आलं आणि गेलं. कवडसा उभा राहिला. त्याला भाषण येत नव्हतं. त्यानं डोळ्यांविषयी सांगितलं, तीन तुकड्यांविषयी सांगितलं, आणि "डोळा माझा की तुझा" हे वाक्य जसं म्हटलं होतं तसंच, त्याच आवाजात, पुन्हा म्हणून दाखवलं. उपाहारगृहात चहा पिता पिता काय बोललो तेही सांगितलं. मग म्हणाला, "त्याचा डोळा गेला असं मी म्हणालो होतो. डोळा माझा गेला होता. हे मी तेव्हा चारजणांत बोललो, म्हणून आज चारशे जणांत सांगतो. तुम्ही पुढं आणखी चारशेंना सांगा."

एका मुलीनं उठून विचारलं, "मग आम्हाला जे स्वप्नासारखं वाटलं, ते?"

"ते तुमचं होतं," कवडसा म्हणाला. "माझा नुसता मोतीबिंदू होता."

सभागृह हसलं, पण बायको हसली नाही. ती पडद्याकडे बघत होती. पडद्यावर शेवटची चादर अजून अडकून राहिली होती आणि तिच्यात चहा होता.

बाहेर पडताना दिग्दर्शक रंगाऱ्यापाशी आला. त्याला कुठं बघावं कळत नव्हतं. "मास्तर, उरलेले बारा भागही पुन्हा करावेत म्हणतो. आणि नवं कामही आहे. सोमवारी मोकळे आहात का?"

रंगाऱ्यानं कवडशाकडे बघितलं. कवडसा एका खांबाला टेकून उजवा डोळा झाकून उभा होता, आणि डाव्या डोळ्यानं, पुन्हा असं दिसणार नाही म्हणून, सगळ्या जगाकडे बघत होता: चहाचे दिवे, चहाची माणसं, उतरत्या दुपारी चहाच्या अंगणातून घाईनं जाणाऱ्या सायकली.

"सोमवारी नाही," रंगारी म्हणाला. "सोमवारी साहेबांचा डावा डोळा आहे. मंगळवारी बघू."